बिल्टीवरचे नाव



शाळेच्या प्रवेश अर्जात 'पालकांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. दरवर्षी नव्या सत्राच्या सुरुवातीला हे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. बँक, वीज कंपनी, शिक्षक, दवाखाना, दुकान असे लिहिलेले असले की पुढे काही विचारावे लागत नाही. काही अर्जांत मात्र नुसते 'प्रायव्हेट' किंवा 'बिझनेस' असे लिहिलेले असते. विचारले की पालक थोडे थांबतात आणि सांगतात, "मॅडम, ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये आहे." कोणी गाडी चालवतो, कोणाच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, कोणी देवास नाक्यावर बुकिंग ऑफिसात बसतो, कोणी भाड्याची दलाली करतो. 'दलाल' हा शब्द अर्जात लिहायला त्यांना संकोच वाटतो, हे मला दिसते.

या अंकात मी याच धंद्याविषयी लिहायचे ठरवले आहे. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे मी याच धंद्याच्या भाकरीवर वाढले. दुसरे कारण लेखाच्या शेवटी सांगेन, कारण ते विश्वस्त मंडळासमोर असलेल्या एका निर्णयाशी संबंधित आहे. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लिहिताना मध्येच एखादा हिंदी शब्द आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. तसेही या धंद्याची भाषा सगळीकडे मिश्रच असते.

आपण इंदूरचे मराठी लोक होळकरांच्या काळापासून इथे आहोत. आपले पूर्वज फौजेबरोबर आले, दफ्तराबरोबर आले, पुढे शाळा, कचेऱ्या आणि रेल्वेत स्थिरावले. व्यापार हा आपला प्रांत नाही, असे आपल्या घरांतून बरीच वर्षे मानले गेले. माझे वडील याला अपवाद ठरले तेही हौसेने नव्हे. नोकरी मिळेना, म्हणून ते लोहामंडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मुनीम म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. नातेवाईक विचारत, "अजून त्या ट्रकवाल्यांकडेच का?" बाबा हसून म्हणत, "अजून तिथेच."

शाळेला सुट्टी असली की मी बाबांचा डबा घेऊन तिथे जात असे. एक लांब खोली, अर्ध्या भागात पांढरी गादी, लोड, लाकडी पेटी आणि काळा टेलिफोन. भिंतीवर गणपती-लक्ष्मीचे कॅलेंडर. बाहेर हम्माल पाठीवर पोती घेऊन फळीवरून गाडीत चढत. क्लीनर ताडपत्री ओढून दोर आवळत. मुंबईला ट्रंक कॉल लावला की कधी तासाभराने लागे, कधी लागतच नसे. आणि बाबांच्या समोर असे ते बिल्टीबुक. कार्बन घालून एकाच वेळी तीन-चार प्रती निघत. माल कोणाचा, कोणाला जायचा, नग किती, वजन किती, भाडे 'पेड' की 'टू पे', म्हणजे भाडे इथे भरले की तिथे माल सोडवताना भरायचे, हे सारे त्या कागदावर असे. बाबांचे अक्षर सुरेख होते. ते म्हणत, बिल्टीवरचा आकडा वाचता आला नाही, तर धुळ्याला कोणीतरी भांडत बसेल.

विद्यार्थी मित्रांनो, हा धंदा चालतो कसा, ते एका सोप्या गणिताने समजून घ्या. इंदूर ते मुंबई साधारण सहाशे किलोमीटर. मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट आणि मग भिवंडी. समजा, जाऊन-येऊन एका फेरीचा डिझेल, टोल, पगार, टायर आणि कर्जाचा हप्ता मिळून सगळा खर्च १०० रुपये आहे. खरा आकडा हजारांत असतो, आपण हिशेबासाठी १०० धरू. जाताना ७० रुपये भाडे मिळाले. गाडी रिकामी परत आली, तर मालकाचे ३० रुपये बुडाले. परतीचा माल ४५ रुपयांत मिळाला, तर एकूण ११५ रुपये आले. दलालाने त्यातून ५ घेतले, तरी मालकाच्या हातात १० उरले. म्हणजे मालकाला फायदा होणार की तोटा, हे परतीचा माल मिळतो की नाही यावर ठरते.

आता प्रश्न असा, की भिवंडीत उभ्या असलेल्या त्या ड्रायव्हरला कसे कळणार, की चार किलोमीटरवरच्या गोदामात इंदूरचा माल पडून आहे? आणि त्या गोदामवाल्याला कसे कळणार, की ही गाडी चांगली आहे, कागदपत्रे खरी आहेत आणि माल वाटेत गायब होणार नाही? आपल्या देशात बहुतेक ट्रक एक, दोन किंवा पाच गाड्या असलेल्या लहान मालकांचे आहेत. माल पाठवणारे व्यापारीही हजारो. हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांना ओळखणारा जो मधला माणूस, तो दलाल. त्याच्याकडे ना ट्रक असतो, ना माल. असते ती माहिती आणि ओळख. लोक त्याला फुकट खाणारा समजतात, पण वरच्या गणितातले ३० रुपये वाचवणारा तोच असतो.

मात्र दलाल आणि ट्रान्सपोर्ट कंपनी यांत एक मोठा फरक आहे, आणि आजच्या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. नुसता दलाल व्यापाऱ्याला सांगू शकतो, "मी तुम्हाला गाडी दाखवली, पुढचे तुम्ही आणि गाडीवाला बघा." पण ज्या दिवशी तो स्वतःच्या नावाची बिल्टी फाडतो, त्या दिवसापासून माल त्याच्या जबाबदारीवर असतो. आपल्याकडे १८६५ साली मालवाहकांचा कायदा झाला, त्यात हे तत्त्व होते. माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहकाची हयगय सिद्ध करण्याचे ओझे मालाच्या धन्यावर नाही. पुढे २००७ सालच्या रस्ते मालवाहतूक कायद्याने त्याची जागा घेतली आणि अशा वाहकांना नोंदणी सक्तीची झाली. ही झाली कायद्याची भाषा. ती प्रत्यक्षात कशी उतरते, ते मी लहानपणी पाहिले.

१९८२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बाबांच्या ऑफिसातून क्लॉथ मार्केटच्या एका व्यापाऱ्याचा माल मुंबईला निघाला. गाडी बाहेरची, भाड्याने लावलेली होती. चार दिवस झाले, गाडी पोहोचली नाही. आठवड्याने कळले, की गाडी वाटेत रिकामी सापडली, ड्रायव्हरचा पत्ता नाही. तेव्हा त्या कंपनीकडे स्वतःच्या जेमतेम तीन गाड्या होत्या. काहींनी शेठजींना सल्ला दिला, की गाडी आपली नव्हती, हात वर करा, कोर्टात दहा वर्षे जातील. शेठजींनी बाबांना बोलावले आणि बिल्टीबुक मागवले. बिल्टीवर नाव त्यांच्या कंपनीचे होते. ते एवढेच म्हणाले, "मुनीमजी, माल गया सो गया, बात नहीं जानी चाहिए." त्यांनी एक गाडी विकली आणि व्यापाऱ्याचे पैसे हप्त्यांनी फेडले. त्या वर्षी दिवाळीला ऑफिसात कोणाला बोनस मिळाला नाही. आमच्या घरी नवे कपडे झाले नाहीत. आईने त्या शेठजींना मनातल्या मनात काय म्हटले असेल, ते मी समजू शकते.

पण पुढच्या दोन-तीन वर्षांत क्लॉथ मार्केटमधल्या व्यापाऱ्यांनी आपण होऊन त्या ऑफिसाकडे माल वळवला. सियागंजचे किराणावालेही आले. धुळे, नाशिक, जळगावला शाखा निघाल्या. बाबा सांगत, की गाड्या तीनाच्या दोन झाल्या आणि काम दुप्पट झाले, असा हिशेब त्यांनी एकदाच लिहिला. धंदा कशाने वाढतो, हे मी बी.कॉम.च्या पुस्तकांत नंतर वाचले. त्याआधी ते आमच्या घरात येऊन गेले होते.

ही केवळ एका ऑफिसाची गोष्ट नाही. आपल्या माळव्याला हे फार जुने माहीत आहे. रस्ते नव्हते तेव्हा बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरत. जुन्या व्यापारी व्यवहारात 'हुंडा-भाडा' नावाची पद्धत होती. व्यापाऱ्याने एकच ठोक रक्कम द्यायची, आणि घेणाऱ्याने त्यात माल पोहोचवायचा, वाटेतल्या जकाती भरायच्या आणि जोखीमही उचलायची. आजच्या लॉजिस्टिक्स कंपन्या ज्याला नवी सेवा म्हणतात, तिची बरीच कल्पना या एका जोडशब्दात होती. पुढे १८७० साली महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे ही गोष्ट नवलाची, पण त्यांनी ओळखले होते, की माल बाहेर गेल्याशिवाय इंदूर मोठे होणार नाही. पुढे इथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांचा माल देशभर गेला, तो या पायावर.

पण नावाच्या जबाबदारीवर एखादी कंपनी किती मोठी होऊ शकते? दोन उदाहरणे देते, एक स्वतःच्या गाड्यांच्या बळावर वाढलेल्या कंपनीचे आणि एक गाड्यांशिवाय वाढलेल्या कंपनीचे.

पहिले उदाहरण आपल्या बेळगाव भागाच्या शेजारचे, हुबळीच्या व्ही.आर.एल. कंपनीचे. तिचे संस्थापक विजय संकेश्वर यांचे आडनाव ऐकून कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांना निपाणीच्या पुढचे संकेश्वर गाव आठवेल. यांचा जन्म १९५० चा, घर गदगचे, वडिलांचा धंदा छपाई आणि प्रकाशनाचा. चालू धंदा सोडून त्यांनी १९७६ मध्ये एक ट्रक घेतला. सुरुवातीची वर्षे खडतर गेली. पुढे त्यांनी हुबळीला बस्तान हलवले आणि बेंगळुरू, हुबळी, बेळगाव अशा मार्गांवर काम वाढवले. १९८३ मध्ये त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. २०१५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, तेव्हा तिच्याकडे साडेतीन हजारांवर मालवाहू गाड्या होत्या. २०२० मध्ये संकेश्वर यांना पद्मश्री मिळाली.

एवढ्या वाढीचे रहस्य काय? मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्यांनी सुटे पार्सल हा मुख्य धंदा ठेवला. एका मोठ्या कारखान्याचा पूर्ण ट्रक भरण्यापेक्षा हजारो लहान व्यापाऱ्यांची लहान-लहान पार्सले गोळा करायची, मोठ्या केंद्रावर आणून गावांप्रमाणे वेगळी करायची, आणि पुढच्या गाडीत भरायची. यात कष्ट फार, पण एखादे मोठे गिऱ्हाईक रुसले म्हणून कंपनी बसत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा धंदा. दुसरी गोष्ट, गाड्यांची देखभाल आणि बॉडी बांधण्याचे काम त्यांनी स्वतःच्या कारखान्यात आणले. गाडीची बॉडी हलकी झाली, की तेवढाच माल जास्त मावतो. पंधरा-वीस वर्षांची गाडीसुद्धा नीट राखली तर कमावते. ही अक्कल हिशेबाच्या वहीतून येते.

दुसरे उदाहरण दूरचे, अमेरिकेचे. १९०५ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावात सी. एच. रॉबिन्सन नावाची पेढी निघाली. ती फळे-भाजीपाल्याची दलाली करत असे, म्हणजे आपल्या चोइथराम मंडीतल्या अडत्यासारखीच. भाजी वेळेवर पोहोचली नाही तर सडते, म्हणून त्यांना वाहतूक शिकावीच लागली. १९८० मध्ये अमेरिकेने ट्रकच्या धंद्यावरची सरकारी बंधने सैल केली, तेव्हा या पेढीने इतरांच्या मालासाठीही गाड्या लावून द्यायला सुरुवात केली. आज ती जगातल्या मोठ्या मालवाहतूक दलालांपैकी एक आहे. स्वतःचे ट्रक जवळजवळ नाहीत. म्हणजे ज्या शब्दाचा आपल्याला संकोच वाटतो, त्या दलालीवर एक पेढी शंभर वर्षांहून जास्त काळ टिकली.

आता एक सावधगिरीची गोष्ट. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती नीट वाचावी. या धंद्यात गाडीवाल्याला भाड्याचा मोठा हिस्सा माल भरतानाच अ‍ॅडव्हान्स द्यावा लागतो, कारण त्याला डिझेल आजच भरायचे असते. उरलेले 'बॅलन्स' भाडे पोहोच परत आल्यावर द्यायचे. पण मोठा कारखाना बिल साठ किंवा नव्वद दिवसांनी भरतो. मधले दिवस कंपनीने स्वतःच्या खिशातून काढायचे. समजा, महिन्याला १० लाखांचे काम आहे आणि पैसे तीन महिन्यांनी येतात, तर जवळजवळ ३० लाख बाहेर अडकले. काम दुप्पट झाले की ६० लाख अडकले. धंदा वाढतो आहे, वही फायदा दाखवते आहे आणि गल्ल्यात डिझेलला पैसे नाहीत, अशी वेळ येते. कितीतरी ट्रान्सपोर्ट ऑफिसे काम नाही म्हणून नव्हे, तर काम एकदम वाढले म्हणून बंद पडली, असे बाबा सांगत.

मोठ्या भांडवलावरही ही अडचण सुटतेच असे नाही. २०१४ मध्ये गुरुग्रामला रिव्हिगो नावाची कंपनी निघाली. तिची कल्पना फार सुंदर होती. लांबच्या प्रवासात ठरावीक अंतरावर ड्रायव्हर बदलायचे, म्हणजे गाडी थांबणार नाही आणि ड्रायव्हर त्याच दिवशी आपल्या घरी परत जाईल. गुंतवणूकदारांनी भरपूर पैसा दिला, हजारो गाड्या घेतल्या गेल्या. पण एवढा पसारा पेलणे कठीण गेले. २०२२ मध्ये तिचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा व्यवसाय मुंबईच्या महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले. घेणारी कंपनी मुख्यतः दुसऱ्यांच्या गाड्या लावून काम करणारी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ड्रायव्हरला घरी पाठवण्याची कल्पना मात्र कोणीतरी पुन्हा उचलावी, असे मला मनापासून वाटते.

गेल्या काही वर्षांत या धंद्याचे रूप झपाट्याने बदलले. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. २०१८ मध्ये ई-वे बिल आले. २०२१ मध्ये टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. मध्य प्रदेश सरकारने १ जुलै २०२४ पासून आपल्या सीमेवरचे परिवहन नाकेही बंद केले. सेंधव्याजवळच्या रांगांत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांनाच याची किंमत कळेल. बेंगळुरूच्या ब्लॅकबक कंपनीने २०१५ पासून ट्रक आणि माल यांची गाठ मोबाइलवर घालायला सुरुवात केली. पुढे टोल भरणे आणि गाडी कुठे आहे ते दाखवणे या सेवांतून तिने मोठी कमाई उभी केली आणि २०२४ मध्ये ती शेअर बाजारात आली. पिथमपूरला १९८६ पासून आयशरचे ट्रक बनतात, म्हणजे गाडीही आपल्याच भागात जन्मते. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो पुरा झाला, की आपले शहर आणि महाराष्ट्र यांच्यातले मालाचे येणे-जाणे आणखी वाढेल.

मग मोबाइल आल्यावर मधल्या माणसाचे काय होणार, असे एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले. तो देवास नाक्यावर वडिलांचे बुकिंग ऑफिस सांभाळतो. मी त्याला म्हटले, तूच सांग. तो म्हणाला, "मॅडम, गाडी कुठे आहे ते मोबाइल सांगतो. पावसात माल भिजला तर पैसे कोण देणार, ते मोबाइल सांगत नाही. तेव्हा लोक माझ्याकडेच येतात." मला त्याच्या बोलण्यात बिल्टीबुक मागवणारे ते शेठजी दिसले.

आता दुसऱ्या कारणाकडे येते. आतापर्यंत आपण व्यापारी, मालक, दलाल आणि कंपनी यांच्याविषयी बोललो. गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाविषयी कमी बोललो. कंपनीची वाढ शाखा, गाड्या आणि शेअरचा भाव यांनी मोजतात. मला वाटते, तिचे एक माप आणखी आहे. बॅलन्स भाडे आणि पगार वेळेवर हातात पडतो का? व्यापाऱ्याला दिलेला शब्द पाळणारी कंपनी गाडीवाल्याला दिलेला शब्दही पाळते का? बिल्टीवरच्या नावाचा भरवसा दोन्हीकडे सारखा असला पाहिजे.

आपल्या शाळेत अशा गाडीवाल्यांची मुले शिकतात. त्यांतल्या आठवीतल्या एका मुलीचे वडील स्वतःची एकच गाडी चालवतात. एका मोठ्या कंपनीकडे त्यांचे तीन फेऱ्यांचे बॅलन्स भाडे अडकले आहे. पोहोच जमा झाली, बिल पास झाले, पैसे मात्र आले नाहीत. इकडे बँकेचा हप्ता थांबत नाही. तीन महिन्यांची फी थकली, आणि आपल्या नियमाप्रमाणे तीन महिने फी न आल्यास विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करावे लागते. मुलगी वर्गात हुशार आहे, हे मी मुद्दाम सांगत नाही. ती हुशार नसती तरी माझी विनंती हीच राहिली असती.

नियम वाईट नाही. शाळाही पगार देते, वीजबिल भरते. फी न आल्यास शाळा चालणार नाही, हे मला रोज कळते. पण ज्या कुटुंबाची मिळकत महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही, फेरी पुरी झाल्यावर आणि त्यानंतरही कधीतरी येते, त्यांना नोकरदारांच्या कॅलेंडरने मोजणे बरोबर नाही. म्हणून विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, ज्या पालकांची मिळकत फेरीवर किंवा हंगामावर अवलंबून आहे, त्यांना फीची मुदत सत्राच्या शेवटापर्यंत मिळावी. लेखी अर्ज त्यांनी द्यावा आणि मुख्याध्यापकांनी तो मंजूर करावा. दुसरी, अशा मुलांपैकी कोणाचेही नाव सत्राच्या मध्ये कमी होऊ नये. तिसरी, अकरावी-बारावीच्या वाणिज्य वर्गाने वर्षातून एक दिवस ट्रान्सपोर्ट नगर किंवा देवास नाक्यावरच्या एखाद्या ऑफिसात घालवावा. बिल्टी, ई-वे बिल, भाड्याचा हिशेब आणि येणे-देणे प्रत्यक्ष पाहावे. वर उल्लेखलेल्या माजी विद्यार्थ्याने यासाठी आपले ऑफिस देऊ केले आहे.

काही पालकांनी याविषयी नाराजी बोलून दाखवली आहे. आमच्या मुलांना ट्रकवाल्यांकडे नेऊन काय शिकवणार, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांना माझे नम्र उत्तर असे. तिथे वेळेची किंमत शिकता येते, कारण उशिरा पोहोचलेल्या मालाचे भाडे कापले जाते. स्वच्छ अक्षराची आणि अचूक आकड्याची किंमत शिकता येते. एका फोनवर हिंदी, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर गुजराती बोलणारा माणूस पाहता येतो. आणि आपल्या घरातले तांदूळ, औषध, वह्या, हे सारे कोणाच्या तरी जागरणाने आपल्यापर्यंत आले, हे समजते. मुले पुढे बँकेत जावोत की परदेशात, एवढे शिकलेले वाया जाणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींचे वडील आज रात्री बिजासन घाट चढत असतील. ते घरी आले की त्यांना एक प्रश्न जरूर विचारा, "बाबा, परतीचा माल कुठून मिळाला?" ते जे सांगतील, ते वहीत लिहून आणा. पुढच्या अंकात त्यातले चांगले लेखन छापण्याची जबाबदारी माझी. आणि ज्यांचे पालक दुसऱ्या कामात आहेत, त्यांनी त्यांच्या कामाविषयी असेच लिहून आणावे.

विश्वस्त मंडळी योग्य तो निर्णय घेतील, असा मला विश्वास आहे. सर्व विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी, आणि रस्त्यावर असलेल्या सर्व पालकांना सुखरूप प्रवासासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

— प्राचार्या